कंपनीच्या ॲड्रेस बुकमधून आम्ही मोबाइल नंबर कसे काढले

आमच्या कंपनीत मेल आयडी असलेल्या कोणालाही कोणाचाही खासगी मोबाइल नंबर दिसायचा. आउटलुकमध्ये नाव शोधायचं, नावावर क्लिक करायचं, की कार्ड उघडायचं. त्यावर पद, विभाग, वरिष्ठांचं नाव आणि खाली नंबर. बघणाऱ्याला कोणाची परवानगी लागत नव्हती. ज्याचा नंबर पाहिला त्याला त्याचा पत्ताही लागत नव्हता.

बुटीबोरीला कारखाना, वाडीला गोदाम, वर्धा रोडवर ऑफिस आणि मालवाहतूक बघणारी एक भगिनी कंपनी, असा आमचा पसारा आहे. मेल मात्र सगळ्यांची एकच, मायक्रोसॉफ्टची. त्यात कंत्राटी माणसांनाही आयडी दिलेले. सिक्युरिटी एजन्सीचे सुपरवायझर, गाड्या पुरवणाऱ्या एजन्सीचे मुन्शी, कँटीनवाले, मेंटेनन्सची बाहेरची टोळी. गेटवरची नोंद आणि गाड्यांचा रिपोर्ट मेलवर यायला हवा, म्हणून कधीतरी हे आयडी निघाले आणि वाढत गेले. सिस्टिमच्या लेखी मात्र सगळे सारखेच. काल गेटवर रुजू झालेल्या एजन्सीच्या माणसाला जेवढं दिसायचं, तेवढंच संचालकांना.

नंबर तिथे आले कसे, हे शोधायला मी जुने मेल आणि सॉफ्टवेअर बसवतानाचे कागद काढले. रुजू होताना प्रत्येकजण एचआरच्या फॉर्मवर नंबर लिहितो. पगार, विमा, अपघात झाला तर घरी कळवणं, यासाठी तो लागतोच. एचआरचं सॉफ्टवेअर रोज रात्री कर्मचाऱ्यांची माहिती मेलच्या डिरेक्टरीत पाठवतं, म्हणजे नवा माणूस आला की त्याचं नाव, पद, विभाग आपोआप भरलं जातं. त्या जोडणीत एका बाजूला 'मोबाइल' नावाचा रकाना होता, दुसऱ्या बाजूलाही 'मोबाइल' नावाचा रकाना होता. ते एकमेकांना जोडले गेले. हे नंबर सगळ्यांना दाखवावेत असा निर्णय कोणी, कधी घेतला, याचा एकही कागद सापडला नाही. हजारभर माणसांचे खासगी नंबर कोणीही न ठरवता सगळ्यांसमोर उघडे पडले होते, आणि याचा मला त्या सगळ्या कामात सर्वांत जास्त राग आला.

काम सुरू झालं ते एका तक्रारीवरून. आमच्या एका सहकारी मुलीला बाहेरच्या एजन्सीचा एक माणूस रात्री-बेरात्री मेसेज करत होता, फोन करत होता. तक्रार कंपनीच्या अंतर्गत समितीकडे गेली. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १६ अशा तक्रारीतला मजकूर आणि तक्रारदाराची ओळख बाहेर सांगायला मनाई करतं, म्हणून त्या प्रकरणाबद्दल मी याहून अधिक काही लिहिणार नाही. समितीने तिचं काम केलं. पण समितीसमोर तिने विचारलेला एक प्रश्न आयटीकडे पाठवण्यात आला, आणि तो माझ्या टेबलावर आला: माझा नंबर त्याला दिला कोणी?

आपल्याकडे मोबाइल नंबर म्हणजे नुसता फोन लावायचा आकडा राहिलेला नाही. बँकेचा ओटीपी त्यावर येतो, आधारला तोच जोडलेला असतो, गॅसचं बुकिंग त्यावरून होतं, मुलांच्या शाळेचे मेसेज त्यावर येतात. यूपीआयच्या ॲपमध्ये नंबर टाकला की बँकेतलं पूर्ण नाव समोर येतं. व्हॉट्सॲपवर फोटो दिसतो, सेटिंग बदललेलं नसेल तर शेवटचं कधी ऑनलाइन होता तेही कळतं. 'नंबर बदलून टाक' असा सल्ला त्या मुलीला दोघा-तिघांनी दिला होता. तो बदलायला बँकेपासून आधार केंद्रापर्यंत किती ठिकाणी उभं राहावं लागतं, हे सल्ला देणाऱ्यांनी स्वतः करून पाहावं.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच होता. एक्स्चेंजमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टची मेल चालवणाऱ्या यंत्रणेत, प्रत्येक मेलबॉक्सला यादीतून लपवण्याची सोय आहे. एक खूण केली की ते नाव ॲड्रेस बुकमधून जातं. मेल येत राहतात, फक्त यादीत शोधून नाव सापडत नाही. तिचं नाव आम्ही असं लपवलं आणि तिचा नंबरही कार्डावरून काढला. तातडीची गोष्ट म्हणून ते करायलाच हवं होतं. पण लगेच तिच्याच विभागातून विचारणा सुरू झाली. मीटिंग लावताना नाव येत नाही. नवीन आलेल्या इंजिनिअरला ती कंपनी सोडून गेली असं वाटलं. जुन्या लोकांना टाइप करताना नाव सुचत होतं, कारण आउटलुक आधी वापरलेले पत्ते लक्षात ठेवतं. नव्यांना काहीच दिसत नव्हतं. एका प्रोजेक्टच्या मेलमधून ती दोनदा वगळली गेली.

ती माझ्याकडे आली. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "मॅडम, चूक त्याची, अन् यादीतून मी काहून जाऊ?"

मला याचं उत्तर देता आलं नाही, कारण तिचं बरोबर होतं. त्रास झालेल्या माणसाला अदृश्य करणं हा बंदोबस्त नव्हे. तिचं नाव, पद, मेल, ऑफिसचं एक्स्टेन्शन सगळ्या सहकाऱ्यांना दिसलंच पाहिजे. ती तिची कामाची ओळख आहे. दिसायला नको होतं ते दुसरंच. मग साहेबांकडे जाऊन मी सांगितलं की एका नावाचं काम संपवून चालणार नाही, सगळी डिरेक्टरी हातात घ्यावी लागेल. त्यांनी होकार दिला, पण अट घातली: कारखान्याचं काम एक पाळीसुद्धा अडता कामा नये.

म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी मी बुटीबोरीला गेले. आधी कोणाला काय लागतं ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. ऑफिसात बसून ठरवलेली आयटीची धोरणं कारखान्यात कशी मोडून पडतात, हे मी अनेक वर्षं पाहत आले आहे. खापरीला मेट्रोतून उतरून कंपनीच्या बसने जायचं आणि पाळी बदलताना लोकांना गाठायचं, असं ठरवलं. ती वेळ बोलायला बरी असते. जाणारा थोडा मोकळा असतो आणि येणाऱ्याने अजून मशीनला हात लावलेला नसतो.

युटिलिटीचे एक जुने सुपरवायझर तिथे भेटले. मी काय करायचं म्हणतेय ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, तुमचं बराबर हाये. पन रात्री दोन वाजता बॉयलर ट्रिप झाला, इलेक्ट्रिशियन घरी झोपला हाये, तं मी कोनाले मेल करू?"

याला उत्तर नसेल तर आमचं सगळं काम निरुपयोगी होतं. मी त्यांना विचारलं, आता कसं करता, मेलच्या यादीत नंबर शोधता का? त्यांनी खिशातून डायरी काढली. हाताने लिहिलेले नंबर. वेल्डर, फिटर, क्रेनवाला, ॲम्ब्युलन्स, फायर. कोणत्या नंबरावर घरचे उचलतात तेही लिहिलेलं. म्हणाले, "हे नंबर ज्याचे त्यानंच देल्ले हायेत मले. म्हनून रात्री बी उचलते."

माझ्या डोक्यातला गुंता त्या वाक्याने सुटला. माणसाने स्वतः दिलेला नंबर आणि सिस्टिमने परस्पर वाटलेला नंबर यांत फरक आहे, आणि कारखाना पहिल्या प्रकारच्या नंबरावर चालत होता. ज्या तातडीच्या कारणासाठी डिरेक्टरीत नंबर हवेत असं ऑफिसमधले लोक मला सांगत होते, त्या कारणासाठी कारखान्यात ते कोणी वापरतच नव्हतं. पाळीवरच्या बऱ्याच जणांपाशी आउटलुक उघडायला कॉम्प्युटरही नसतो.

पण डायरी त्या एका माणसाच्या खिशात आहे आणि ते लवकरच निवृत्त होतील, हेही खरं. म्हणून ड्युटी फोनची कल्पना पुढे आली. ती माझी नाही, मेंटेनन्सच्याच मुलांची. इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, युटिलिटी आणि डिस्पॅच, प्रत्येकाला कंपनीचा एक साधा फोन. पाळी बदलली की तो पुढच्या माणसाच्या हातात जातो आणि लॉगबुकमध्ये त्याची सही होते. डिरेक्टरीत नोंद माणसाच्या नावाने करायची नाही, कामाच्या नावाने करायची: 'इलेक्ट्रिकल ड्युटी, बुटीबोरी', 'डिस्पॅच ड्युटी, वाडी'. रात्री दोनला फोन केला तर जो जागा आहे आणि ज्याचं ते काम आहे तोच उचलेल. झोपलेल्या माणसाला उठवायचं असेल तर ते ड्युटीवरचा माणूस ठरवेल, त्याच्यापाशी तो नंबर असेल. ही व्यवस्था आधी उभी केली, काही पाळ्या चालवून पाहिली, आणि मगच यादीला हात लावला. अशा कामाला कोणी निघालं असेल तर त्याने हा क्रम सोडू नये.

आता यादीचं काम. एक्स्चेंजमध्ये सगळ्यांची मिळून एक मोठी यादी असते, ग्लोबल ॲड्रेस लिस्ट. काही वेगळं ठरवलं नाही तर मेलबॉक्स असलेल्या प्रत्येकाला ती पूर्ण दिसते. कोणी कोणती यादी पाहायची हे ठरवायला ॲड्रेस बुक पॉलिसी नावाची सोय आहे. पूर्वी स्वतःच्या सर्व्हरवर एक्स्चेंज चालवणाऱ्यांना २०१० च्या आवृत्तीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये ती मिळाली. क्लाउडवरच्या एक्स्चेंजमध्येही ती आहे. एका पॉलिसीत चार गोष्टी सांगाव्या लागतात: कोणती मोठी यादी, कोणत्या छोट्या याद्या, मीटिंगच्या खोल्यांची कोणती यादी, आणि ऑफलाइन वापरायची कोणती प्रत. एका माणसाला एकच पॉलिसी लावता येते.

आम्ही तीन गट केले. कंपनीचे कर्मचारी, भगिनी कंपनीचे कर्मचारी आणि बाहेरच्या एजन्सीची माणसं. पहिल्या दोन गटांना एकमेकांची नावं दिसतात, कारण रोजचं काम एकमेकांत आहे. एजन्सीच्या माणसांना दिसतं ते त्यांच्या कामापुरतं: गेट डेस्क, सिक्युरिटी कंट्रोल, डिस्पॅचचा सामायिक मेलबॉक्स, ड्युटी फोन आणि त्यांच्या कंत्राटाचं काम पाहणारा कंपनीचा एक अधिकारी. खोल्यांची यादी पॉलिसीत द्यावीच लागते, म्हणून एजन्सीच्या गटासाठी कोणतीच खोली बसणार नाही अशी अट घालून रिकामी यादी केली.

कोण कोणत्या गटात, हे यंत्राला सांगण्यासाठी प्रत्येक मेलबॉक्सवर खूण लागते. एक्स्चेंजमध्ये त्यासाठी पंधरा मोकळे रकाने असतात, कस्टम ॲट्रिब्यूट १ ते १५. त्यातला एक आम्ही यासाठी राखून ठेवला. विभागाच्या नावावरून गट पाडायचा मोह होतो, पण विभागाचं नाव एचआर बदलतं आणि माणूस नकळत दुसऱ्या यादीत जाऊन बसतो. वेगळा रकाना असलेला बरा.

इथे दोन अडथळे असे आले की ज्यांवर बराच वेळ गेला, म्हणून सांगते. एक म्हणजे ॲड्रेस लिस्ट बनवायचा अधिकार क्लाउडवरच्या एक्स्चेंजमध्ये ॲडमिनलाही आपोआप नसतो. 'ॲड्रेस लिस्ट्स' नावाचा रोल, म्हणजे अधिकारांचा संच, आधी आपल्या ॲडमिनच्या गटाला जोडावा लागतो, तोवर पॉवरशेलमध्ये, म्हणजे कमांड लिहून सेटिंग बदलायच्या साधनात, त्या कमांड दिसतच नाहीत. दुसरा अडथळा जास्त फसवा आहे. यादी बनवली, अट बरोबर लिहिली, तरी यादी रिकामी दिसते. आधीपासून असलेल्या मेलबॉक्समध्ये काही बदल झाल्याशिवाय क्लाउडवर तो नव्या यादीत मोजला जात नाही. आम्ही गटाची खूण यादी बनवल्यानंतर भरली, म्हणजे तोच बदल ठरला आणि नावं यादीत येऊ लागली. ज्यांची खूण आधी भरून झाली असेल त्यांना दुसऱ्या एखाद्या रकान्यात थोडा बदल करावा लागतो.

आणखी एक नियम लक्षात ठेवावा लागतो. पॉलिसीतल्या छोट्या याद्यांमध्ये जी माणसं आहेत ती सगळी त्याच पॉलिसीतल्या मोठ्या यादीतही असली पाहिजेत, नाहीतर शोधताना विचित्र गोंधळ होतो. आणि नव्या माणसाला पॉलिसी लावायची राहिली तर त्याला पूर्ण यादी दिसते. म्हणून आयडी बनवायच्या फॉर्मवरच गट निवडणं सक्तीचं केलं. गट निवडल्याशिवाय आयडी निघत नाही.

बदल केल्यावर लगेच सगळं पालटतं असं नाही. कॅश्ड मोडमधलं आउटलुक ॲड्रेस बुकची एक प्रत लॅपटॉपवर उतरवून ठेवतं आणि नवी प्रत साधारण दिवसातून एकदा आणतं. तोवर जुनीच दिसते. टीम्समध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या चॅट आणि मीटिंगच्या ॲपमध्ये, तर शोध वेगळाच चालतो. टीम्सच्या ॲडमिन सेंटरमध्ये शोधाला ॲड्रेस बुक पॉलिसीची मर्यादा घालणारं एक बटण आहे, ते चालू केलं नाही तर आउटलुकमध्ये लपलेलं नाव चॅटच्या शोधात सहज सापडतं. पॉलिसीनुसार राउटिंग चालू करण्याचीही सोय आहे. ती केली की वेगळ्या यादीतला माणूस मेलमध्ये बाहेरच्या माणसासारखा दिसतो, त्याचं कार्ड उघडत नाही. एजन्सीच्या गटासाठी ती महत्त्वाची ठरली, कारण मेलची देवाणघेवाण तर होतच राहणार.

इथपर्यंत आल्यावर आमच्यातल्या काहींना काम झालं असं वाटलं. मला तसं वाटत नव्हतं, आणि त्यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. ॲड्रेस बुक पॉलिसी हा दाराचा पडदा आहे, कुलूप नाही. मायक्रोसॉफ्टच्या डिरेक्टरीत आतल्या साध्या सदस्यालाही इतरांची मूळ माहिती वाचायचा अधिकार असतो. ॲडमिन पोर्टल साध्या लोकांसाठी बंद करता येतं, पण ग्राफ नावाच्या मार्गाने प्रोग्रॅम लिहून तीच माहिती मागता येते. एकमेकांची माहिती वाचायचा अधिकारच काढून घेतला तर टीम्ससारखी कामं बिघडतात. आणि ज्याने नंबर एकदा स्वतःच्या कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह केला, त्याच्या फोनमधून तो परत काढून घ्यायला कोणतंही सेटिंग नाही.

माझं म्हणणं सरळ होतं. जी गोष्ट डिरेक्टरीत असायलाच नको ती लपवत बसण्यात अर्थ नाही. ती तिथून काढली पाहिजे. नाव आणि पद कोणाला दिसावं हा याद्यांचा प्रश्न, त्यासाठी पॉलिसी ठीक. खासगी नंबर हा यादीचा प्रश्नच नाही.

एचआरशी बसलो. त्यांचं पहिलं म्हणणं होतं की कर्मचाऱ्यांनी फॉर्मवर सही केलेली आहे. फॉर्म काढून वाचला. नंबर 'संपर्कासाठी' असं लिहिलेलं होतं. बाहेरच्या एजन्सीच्या माणसांना दाखवण्यासाठी असं कुठेच नव्हतं. मी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा छापून नेला होता. त्याचं कलम ७ नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याची माहिती वापरायला वाव देतं, पण गेटवरच्या मुन्शीला लेखा विभागातल्या मुलीचा नंबर दिसणं हे नोकरीचं कोणतं कारण, असं विचारल्यावर टेबलावर कोणाकडे उत्तर नव्हतं. कलम ८ माहिती सांभाळण्यासाठी वाजवी खबरदारी घ्यायला सांगतं, आणि ती न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. मुदत आहे म्हणून थांबावं असं एकाने सुचवलं. मी म्हटलं, त्या मुलीला आपण मुदत संपेपर्यंत थांबायला सांगणार का? साहेबांनी त्याच बैठकीत सही केली. खासगी आयुष्याचा हक्क हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगितलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

मग मोबाइलचा रकाना सगळ्यांचा रिकामा केला. पण त्याआधी एचआरच्या सॉफ्टवेअरची जोडणी तोडली, कारण ती तशीच राहिली असती तर रिकामा केलेला रकाना त्याच रात्री पुन्हा भरला गेला असता. आता त्या जोडणीतून फक्त नाव, पद, विभाग, ठिकाण आणि वरिष्ठ एवढंच जातं. ऑफिसचा लँडलाइन आणि एक्स्टेन्शन यांचा रकाना वेगळा आहे, तो आम्ही हाताने तपासून भरला. ज्यांना कंपनीने सिम दिलेलं आहे, उदाहरणार्थ विक्री विभाग, त्यांचा कंपनीचा नंबर दिसतो. कामासाठी कंपनीने दिलेला नंबर दिसण्यात कोणाची हरकत नव्हती.

ही बातमी पसरली तशी एक भीती पसरली की नंबर काढला म्हणजे लॉगिनचा ओटीपी बंद होणार. वाडीच्या गोदामातून तर सकाळीच फोन सुरू झाले. खरी गोष्ट अशी की लॉगिनच्या पडताळणीसाठी माणूस जो नंबर नोंदवतो तो ऑथेंटिकेशनच्या वेगळ्या जागी ठेवलेला असतो, इतर कर्मचाऱ्यांना तो दिसत नाही. डिरेक्टरीतला मोबाइल रिकामा केल्याने त्याला धक्का लागत नाही. मात्र ज्यांनी स्वतः काहीच नोंदवलेलं नव्हतं आणि पासवर्ड रिसेट करताना ज्यांचं काम डिरेक्टरीतल्या नंबरावर भागत होतं, अशी काही माणसं निघाली. त्यांना आधी गाठून पडताळणीचा नंबर नोंदवून घेतला. पाळीवरच्या लोकांसाठी आमच्यातलाच एक मुलगा कँटीनबाहेर टेबल टाकून बसला. हे काम कंटाळवाणं होतं, पण ते झालं नसतं तर पहिल्याच आठवड्यात लोकांनी सगळा बदल उलटवायला लावला असता.

संचालकांच्या कार्यालयाची मागणी वेगळी होती: कोणाचाही नंबर लगेच मिळायला हवा. अपघात, आग, घरची वाईट बातमी अशा वेळी हे खरंच लागतं. त्यासाठी एचआरकडे आणीबाणीची यादी ठेवली. ती एचआरचे ठरावीक लोक आणि सिक्युरिटी कंट्रोलमधले कंपनीचे स्वतःचे अधिकारी उघडू शकतात, आणि कोणी, कधी, कोणाचं नाव पाहिलं याची नोंद राहते. संचालकांनाही तिथेच विचारावं लागतं. ते मान्य होईल असं मला वाटलं नव्हतं, पण झालं. "माझाही नंबर मग त्याच यादीत का?" एवढंच त्यांनी विचारलं आणि हो म्हटल्यावर विषय संपवला.

मेलच्या बाहेरचा प्रश्न मोठा आहे आणि तो अजून पुरता सुटलेला नाही. प्रत्येक विभागाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. डिस्पॅचच्या ग्रुपमध्ये गाडीमालक, ड्रायव्हर, मुन्शी, आमच्या मुली सगळे एकत्र होते. मेलमधून काढलेला नंबर तिथे उघडाच होता. आम्ही ज्या सूचना फक्त सांगायच्या असतात त्या कम्युनिटीच्या घोषणेच्या ग्रुपवर नेल्या, कारण तिथे सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. गाड्यांबद्दलचं बोलणं ड्युटी फोनवरून होतं, म्हणजे बाहेरच्या लोकांच्या ग्रुपमध्ये कंपनीच्या बाजूने फक्त तो फोन असतो. मेलच्या सहीत लोक स्वतःचा नंबर लिहितात, ते आम्ही थांबवलेलं नाही. तो ज्याचा त्याने स्वतः दिलेला नंबर आहे.

त्या मुलीचं नाव आता यादीत आहे, पदासकट, एक्स्टेन्शनसकट. नंबर मात्र तिने कोणाला द्यायचा ते ती ठरवते.

सध्या मी दर तिमाहीला एजन्सीच्या गटातल्या एका चाचणी आयडीने लॉगिन करते आणि आउटलुक, वेबवरची मेल, फोनवरचं ॲप आणि टीम्स या चारही ठिकाणी नावं शोधून पाहते. मागच्या तपासणीत कँटीनच्या एका जुन्या आयडीला पॉलिसी लागलेली नसल्याचं आढळलं. तो माणूस केव्हाच सोडून गेला होता, आयडी मात्र चालू होता. कंत्राट संपलं की त्या एजन्सीचे आयडी त्याच दिवशी बंद व्हावेत, म्हणून खरेदी विभागाच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायचा प्रस्ताव दिला आहे. तो पुढच्या बैठकीत येईल.